तुम्ही विचारलंत म्हणून: ‘चिबूड पडलो’ आणि लाल पेन

गोव्यात चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुटी संपली की हा प्रश्न ठरलेला. पालक विचारतात, नवे शिक्षकही विचारतात: तिसरी-चौथीतल्या मुलीने ‘आमची चवथ’ लिहून आणलंय, आता त्यात दुरुस्त काय करायचं आणि सोडायचं काय?

नमुन्यादाखल अशी वही धरू: ‘आमच्याकडे चवथ झाली. मि बाबांबरोबर माटोळीचे सामान आणले. मग माटोळी बांधली. मग चिबूड पडलो. मग सगळे हसले. मग आरती झाली. मला खुप मजा आली.’

(माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांनी सजवलेली चौकट, आणि चिबूड हे तिला टांगलेलं खरबुजासारखं फळ.) वाक्यं सात, त्यांत गोष्ट एकच: चिबूड पडला ती. बाकीचं कुठल्याही घरच्या चवथीला लागू पडेल. म्हणून पहिलं वाचन पेन खाली ठेवून करा. लाल पेन हातात असलं की नजर आधी ‘मि’ आणि ‘खुप’वर जाते, आणि चिबूड राहूनच जातो.

आपली गोष्ट वाचणाऱ्याला पोचली, हे मुलीला सगळ्यात आधी कळायला हवं. ‘एवढी बांधलेली माटोळी, तरी चिबूड सुटलाच!’ एवढं लिहिलं तरी पुरे. ‘छान’ हा शेरा कुठल्याही वहीवर चालतो, आणि मुलांना ते बरोबर कळतं. ‘सविस्तर लिही’ किंवा ‘वर्णन कर’ त्याहून वाईट. वर्णन म्हणजे विशेषणं अशी मुलांची समजूत असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘सुंदर हिरवीगार माटोळी’ आणि ‘खूप खूप मजा’ हजर.

त्यापेक्षा, उत्तर फक्त तिलाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारा. चिबूड कुठे पडला? आधी कोण बोललं? दोनाच्या वर जाऊ नका. पाच विचारलेत की ती पाचांची उत्तरं ओळीने लिहिते आणि निबंधाचा स्वाध्याय होतो. निबंध पुन्हा सगळा लिहायला लावायचा नाही, तेवढीच जागा. मग असं काही येतं: ‘चिबूड पाटाशेजारी फुटला. बिया बाबांच्या पायांवर उडाल्या. आजी म्हणाली, “पळय गे, चिबूड फुटलो!”’ आता ‘मग’ खोडायचीही गरज नाही, तपशील आला की निम्मे ‘मग’ आपोआप गळतात.

आता ‘पडलो’. गोव्यात ही चूक हमखास सापडते आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी खोडली जाते. कोकणीत ‘चिबूड पडलो’ अगदी बरोबर आहे. मराठीत मात्र ‘पडलो’ म्हणजे मी पडलो. ‘दादा पायरीवरून पडलो’ असं लिहिलं तर दादा पडला की लिहिणारा, असा घोळ होतो. म्हणून दुरुस्ती करा, पण ‘अशुद्ध’ असा शेरा नको. ‘घरी आपण पडलो म्हणतो, मराठीत वाचणाऱ्याला वाटेल तूच पडलीस’ एवढं सांगितलं की मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात. आजीच्या तोंडचं ‘फुटलो’ मात्र अवतरणचिन्हात जसंच्या तसं राहू द्या. आजी घरात पुस्तकी मराठी बोलत नाही, आणि निबंधात बोलायला लागली की खोटी वाटते. माटोळी, तोरिंग (माटोळीला बांधतात ते लिंबाच्या जातीचं मोठं फळ), चवथ हे शब्दही बदलायचे नाहीत. त्यांच्या जागी ‘सजावट’ लिहून काय साधतं?

शुद्धलेखनाची एका खेपेला एकच बाब घ्या. इथे शेवटच्या अक्षराची घ्या: मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार बहुधा दीर्घ असतो, म्हणून ‘मि’ नव्हे, ‘मी’. ‘आणि’ हा शब्द नेहमी भेटणारा अपवाद. एका जागी खूण करा, बाकीच्या तिला शोधू द्या. ‘खुप’ पुढच्या वेळी. सगळंच लाल झालं तर पुढच्या निबंधात ती फक्त खात्रीचे शब्द वापरते, आणि मजकूर आणखी आखडतो.

सोय म्हणून दोन गोष्टी: मुलांना एक ओळ सोडून लिहायला सांगा, म्हणजे भर घालायला जागा राहते, आणि शेरा पेन्सिलीने लिहा. पहिली-दुसरीत तोंडीच बोला. तीस वह्या असतील तर वहीमागे दोन-तीन मिनिटंच मिळतात. एक वाक्य आणि एक प्रश्न त्यात बसतो. गुण त्याच दिवशी देऊ नका. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्यांची प्रगती झाली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. वर्गात दिसतंही तेच, मुलं आकडा बघून वही मिटतात.

‘मन प्रफुल्लित झाले’ असं वाक्य आलं तर समजा की घरातल्या मोठ्यांचा हात लागलाय. मुलीला दटावू नका. पालकांना सांगा: लिहून देऊ नका, प्रश्न विचारा आणि ती बोलते ते ऐका.

कधीकधी वहीत चवथ नसते. आजोबा गेले म्हणून यंदा गणपती आणला नाही, एवढंच असतं, तेही तीन ओळींत. तिथे प्रश्नही नको. ‘हे तू लिहिलंस, मी वाचलं’ असं लिहा, तिला विचारल्याशिवाय वर्गात वाचून दाखवू नका, आणि त्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घ राहू द्या.