आई आणि रेडवूड

तिकडे रेंज नव्हती म्हणून पोस्ट आत्ता टाकतोय. आई साताऱ्याहून आलीय, तिला घेऊन कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कला गेलो होतो. फाउंडर्स ग्रोव्हची पायवाट जेमतेम अर्ध्या मैलाची, त्यामुळे गुडघ्यांनी फार कुरकुर केली नाही. (तिच्या. माझ्या केली.)

तिथे डायरव्हिल जायंट नावाचा रेडवूड, म्हणजे उंचच उंच वाढणारा वृक्ष, आडवा पडलाय. १९९१ च्या मार्चमध्ये कोसळला, तेव्हा उंची ३६० फुटांच्या आसपास. उभ्या झाडांकडे बघून नुसती मान अवघडते, उंची डोक्यात शिरतच नाही. ती कळते या आडव्या खोडाच्या कडेने चालताना. चालतोय, चालतोय, शेंडा काही येत नाही!

उपटलेल्या मुळांपाशी आई थबकली. "एवढ्या झाडाला सोटमूळ नाही?" नाहीच. मुळं ६ ते १२ फूट खोल, पण आडवी १०० फुटांपर्यंत पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतलेली.

मग तिला खाली आंबुशी दिसली! आपल्या आंबुशीची इथली बहीण, तशीच तीन पानांची, फक्त मोठी. थेट ऊन पडलं की पानं मिटून खाली झुकतात. ते बघत बराच वेळ उभे होतो. चाखायचा तिचा बेत मात्र मी हाणून पाडला.

रात्री कॅम्पवर अस्वलांच्या भीतीने सगळं खाणं लोखंडी पेटीत बंद करायचं असतं. लसणाची चटणी आत ठेवताना आई म्हणाली, "ही बाहेरच राहू दे. एकदा खाल्ली तर अस्वल परत फिरकायचं नाही."