तारामतीचा कॅमेरा

३ मे

१९१३ साली आजच्याच तारखेला गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. या दिवशी सगळ्यांना दादासाहेब फाळके आठवतात आणि ते योग्यच आहे. पण सकाळी सेटवर ‘अरे, थोड्या वेळासाठी कंपाउंडर होतोस का?’ असे विचारले जाते आणि हातातली हातोडी खाली ठेवून मी पांढरा डगला चढवतो, तेव्हा मला अण्णा साळुंके आठवतात.

तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांना स्त्री मिळेना. ग्रँट रोडवरच्या ज्या उपाहारगृहात त्यांचे जाणे-येणे होते, तिथे स्वयंपाकघरात राबणारा हा सडपातळ, नाजूक हातांचा तरुण त्यांनी हेरला आणि महिना दहा रुपयांच्या जागी पंधरा देऊ करून त्याला आपल्याकडे आणले, असे सांगितले जाते. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. भारतीय चित्रपटातली पहिली नायिका आणि पहिली दुहेरी भूमिका असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो, आणि बहुतेक ठिकाणी तो तिथेच संपतो.

मला खटकते ते हेच. साळुंके पुढे कॅमेरामन झाले. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिल्यानंतर विसाच्या दशकात त्यांनी तिथे चित्रपटामागून चित्रपट टिपले. अभिनय केलेल्या चित्रपटांपेक्षा त्यांनी चित्रित केलेल्या चित्रपटांची संख्या कितीतरी मोठी आहे. आयुष्यातली अधिक वर्षे ज्या कामात गेली, ते काम मात्र एखाद्या ओळीत उरकले जाते.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवावा लागे. दांडीच्या एका फेऱ्यात साधारण आठ चित्रे उमटत आणि सेकंदाला दोन फेरे या लयीत हात चालवायचा असे; हात मंदावला तर पडद्यावरची माणसे घाईघाईने चालू लागत आणि हाताला घाई झाली तर ती रेंगाळत. फिल्मचेही स्वतःचे कायदे होते. लाल रंग तिला जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे कुंकू, ओठांचा रंग, लाल लुगडे हे सारे पडद्यावर काळे पडे, आणि निळे आकाश पांढरेफटक होई. तोंडाला रंग फासून, दागिने घालून, डोळे दिपवणाऱ्या उन्हात उभा राहिलेला माणूस जेव्हा पुढे भिंगामागे जातो, तेव्हा समोरच्या नटाला नक्की काय सोसावे लागते आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नसणार, असे मला मनापासून वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’चा जो अंश आज पाहायला मिळतो, त्यात राजा मुलाला धनुर्विद्या शिकवीत असताना तारामती शेजारी उभी दिसते, त्या प्रसंगात मी तिच्या मुद्रेपेक्षा तिच्या उभे राहण्याकडे अधिक पाहतो.

अशी माणसे तेव्हा विरळ नव्हती. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडीत आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश वळवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करीत होते आणि १९२१ च्या ‘सुरेखा हरण’मध्ये कृष्णही झाले. अंगावर येईल ते काम करणे हीच त्या काळातली शाळा होती.

आता प्रत्येक कामाची संघटना वेगळी, कार्ड वेगळे, आणि त्यामागची कारणे मला मान्य आहेत, कारण संघटना नसत्या तर शिफ्टचे तास आणि मजुरी यांना धरबंद राहिला नसता. तरीही दोन्हीकडे काम करणाऱ्याला ‘तू नक्की कोण?’ हा प्रश्न सतत ऐकावा लागतो. आज रुग्णालयाच्या सेटवर औषधांचा ट्रे मीच मांडला होता. डगला घालून तो उचलताना लक्षात आले की बाटल्यांच्या चिठ्ठ्या कॅमेऱ्याकडे वळवल्या, तर नटाचा अंगठा नेमका त्यांवर येतो. मग ट्रेला एका बाजूला जरा खोलगट कड लावली, अंगठ्याला जागा झाली आणि पुढच्या टेकला चिठ्ठ्याही दिसल्या. माझे वाक्य एकच होते, ‘डॉक्टर, रिपोर्ट आले आहेत’, आणि ते नीट गेले. पण ती कड नुसता नट असतो तर मला सुचली नसती, आणि नुसता सेटवरचा कामगार असतो तर तिची गरजच कळली नसती.

उद्याचा कॉल सकाळी सातचा आहे. पोलीस ठाण्याचा सेट लावायचा आहे आणि दुपारनंतर त्याच ठाण्यातला हवालदार मीच आहे. टेबलाची उंची आजच कमी करून ठेवली, कारण हवालदाराला उभ्याने नोंद लिहायची नाही, बसून लिहायची आहे.