आमची वाटचाल : पट्टीवरचं नाव

आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तानपुऱ्याच्या दांडीवर, तारगहनाच्या, म्हणजे तारा ज्यातून खुंट्यांकडे जातात त्या तुकड्याच्या वर, बोटभर लांबीची एक पट्टी असते. त्यावर दुकानाचं नाव आणि खाली 'मिरज'. दादांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या वेळी ती पितळेची होती. अब्बांनी सेल्युलॉइडची केली, मी तीच चालू ठेवली. 2009 साली मी चाळीस सतारी या पट्टीशिवाय विकल्या. दुकानाची वाटचाल लिहायला बसलो तर सगळ्यात आधी तेच आठवलं. पण ते सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

मिरजेत तंतुवाद्यं बनायला लागली ती साधारण 1850 च्या सुमारास. इथे शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाले घासून त्यांना धार देणारे. इंग्रजांचा अंमल बसला आणि हत्यारांचं काम संपत गेलं. पटवर्धन संस्थानिकांकडे गवई यायचे, त्यांची वाद्यं नीट करून देणारा कोणीतरी हवा होता. शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी ते काम हातात घेतलं आणि दुरुस्ती करता करता नवं वाद्य घडवण्यापर्यंत पोचले. आज सतारमेकर गल्लीतल्या कारागिरीची मुळं तिथवर जातात. ज्या हातांचा धंदा बुडाला त्यांनी धार लावायचं सोडून सूर लावायला घेतलं, याचा मला लहानपणापासून अभिमान वाटत आला आहे.

पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि गावाचं नाव गाण्याशी कायमचं जोडलं गेलं. 1937 मध्ये ते गेले. मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं. खाँसाहेबांना वाद्य दुरुस्तीचं अंग होतं, ते स्वतः घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याला, कानस लावून बसत, असं दादा सांगायचे. हे सांगताना दादांचा आवाज बदलायचा. एवढा मोठा गवई आपलंच काम करत होता, म्हणजे आपलं काम छोटं नाही, असा त्याचा अर्थ आमच्या घरात लावला जायचा.

मी मात्र तो अर्थ फार उशिरा समजलो. शाळेत वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली की मी 'दुकान' एवढंच लिहायचो. अब्बांच्या हाताला कायम लाखेचा वास यायचा, नखांत लाकडाचा भुगा असायचा. मित्रांचे वडील बँकेत, रेल्वेत, दवाखान्यात. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. तिथे लग्नात ओळख करून देताना 'हे सतारी बनवतात' म्हटलं की समोरचा कौतुकाने हसायचा आणि लगेच दुसऱ्या कुणाकडे वळायचा. मैफलीच्या पत्रिकेवर गवयाचं नाव, साथीदारांचं नाव, चहा देणाऱ्या प्रायोजकाचंही नाव. तानपुरे कोणी बनवले ते कुठेच नसायचं, आणि ते असायला हवं असं आम्हालाही कधी वाटलं नाही. वीस वर्षांचा होईपर्यंत मी मैफलीला जायचो तो मागच्या बाजूला उभं राहून, तार तुटली तर बोलावतील म्हणून. गाणं कानावर पडायचं, पण मी ऐकायचो नाही. माझं लक्ष खुंटीवर.

कामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण किंमत का मागतो ते त्याशिवाय कळणार नाही. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हा खायचा भोपळा नव्हे, कडू असतो. शेतकरी तो वेलीवरच पिकू देतो, जमिनीवर ठेवताना बूड एका बाजूला कलणार नाही याची काळजी घेतो. पुरुषी आवाजाच्या तानपुऱ्याला पन्नास इंचांच्या पुढचा घेर लागतो आणि असा भोपळा शंभरात मोजकेच निघतात. आमच्याकडे आल्यावर तो कापायचा, पाण्यात भिजवायचा, आतून काठ्यांचा ताण देऊन गोल करायचा आणि सावलीत वाळू द्यायचा. उन्हात घाई केली की तडा गेलाच. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणारं लाकडी झाकण, आणि दांडी तूण लाकडाची. तबली किती पातळ ठेवायची याचं माप आमच्याकडे लिहिलेलं नाही. बोटाच्या पेराने ठोकून कानाने ठरवायचं.

आणि सगळ्यात शेवटी जवारी. तार ज्या घोडीवर टेकते तिच्या पाठीला इतका हलका उतार द्यायचा की तार तिला एका ठिकाणी न टेकता कंप पावताना पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहील. मग तारेखाली सुती धागा सरकवायचा. धागा केसभर मागे-पुढे झाला की आवाज एकदम बंद किंवा एकदम खुला होतो. तो नेमका खुलतो त्या क्षणी एका 'सा'मध्ये वरचे कितीतरी सूर ऐकू यायला लागतात, गंधारसुद्धा, जो कोणी छेडलेलाच नाही. पूर्वी घोडी सांबराच्या शिंगाची असायची. वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं, ते योग्यच झालं. आता शिसव किंवा उंटाचं हाड वापरतो. अब्बा एका जवारीला कधी तासभर घ्यायचे, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने पुन्हा बसायचे. त्या वेळेचे पैसे त्यांनी कधी बिलात धरले नाहीत.

आता 2009. इलेक्ट्रॉनिक तानपुरे घरोघर पोचले होते. शिकणारी मुलं ते घ्यायची, क्लासवालेही तेच सांगायचे. महिन्याला दोन तानपुरे निघाले तरी नशीब अशी स्थिती. दोन कारागीर कुपवाडच्या एमआयडीसीत गेले, आठ तासांचा ठरलेला पगार मिळतो म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. मुलांची फी ठरलेल्या तारखेला भरावी लागते. त्याच सुमाराला एका व्यापाऱ्याने चाळीस सतारींची मागणी दिली. हॉटेलच्या दिवाणखान्यांत, फार्महाउसच्या भिंतींवर लावायला. वाजायची गरज नाही, नक्षी भरपूर हवी, पॉलिश चकचकीत हवं, आणि तुमची पट्टी लावू नका. नगाला 3,500 रुपये.

अब्बा म्हणाले, "बेटा, न वाजणारी सतार म्हणजे काय?" मी म्हणालो, "अब्बा, दुकानाचं भाडं म्हणजे काय ते मला माहीत आहे." हे वाक्य मी त्यांना बोललो, आजही ते मला बोचतं. ते पुढे काही बोलले नाहीत. चाळीस सतारी दोन महिन्यांत तयार झाल्या. कच्चं लाकूड, जाड तबली, प्लॅस्टिकची घोडी, जवारी नाहीच. पैसे वेळेवर आले. आठवड्याभरात अब्बांनी स्वतःची कानस फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि सांगितलं, आता डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं.

तीन वर्षांनी साताऱ्याहून एक शिक्षक सतार घेऊन आले. मुलीला शिकायची हौस, कुठल्याशा दुकानातून जुनी स्वस्तात मिळाली, पण सूर लागत नाही, मुलगी म्हणते माझाच हात चुकतो. सतार गवसणीतून बाहेर काढली आणि मला दांडीवरची नक्षी दिसली. माझीच होती. त्या चाळीसातली. पट्टी नव्हती, म्हणून त्यांना कळायचा प्रश्न नव्हता. मला गप्प बसता आलं असतं. मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल. ती वर्षभर रोज स्वतःला सांगत आली होती की आपल्याला जमत नाही, आपल्यात काही कमी आहे. कमी तिच्यात नव्हती, माझ्या लाकडात होती. मी तिला म्हणालो, "बाळ, ही मी बनवली आहे आणि मी वाईट बनवली आहे. तुझा हात चांगला आहे." ती सतार ठेवून घेतली आणि दुकानातली चांगली तिला दिली. शिक्षक वरचे पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. संध्याकाळी अब्बांना सांगितलं. ते उठले, कपाटातून कानस काढली आणि दुकानात येऊन बसले. पुढची पाच वर्षं, शेवटच्या आजारापर्यंत, त्यांनी काम केलं. त्यानंतर आमच्याकडून पट्टीशिवाय एकही वाद्य गेलेलं नाही.

आपली किंमत आपण ठरवायची असते, असं लोक सहज बोलून जातात. माझा अनुभव असा की ती एकट्याने बसून ठरत नाही. जे काम केलं त्याखाली नाव लिहायची छाती होते का, एवढं पाहिलं की पुरतं. त्या वर्षापासून मी जवारीचा वेळ बिलात धरायला लागलो. काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली त्यांनी दर ऐकून मान हलवली आणि आगाऊ रक्कम दिली.

2017 साली एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आले. फंडाच्या पैशांतून थोडे बाजूला ठेवले होते, काळी एक या सुराचा तानपुरा हवा म्हणाले. मी विचारलं, गाता का? म्हणाले, "नाही हो. मला कुठलं गाणं? तीस वर्षं गाडीत घंटी आणि इंजिन ऐकलं. आता संध्याकाळी बसून हा ऐकायचा." मी चकित झालो. तानपुरा गाण्यासाठी घेतात, ऐकण्यासाठी नुसता तानपुरा कोण घेतं? तयार झाल्यावर ते भिंतीला टेकून बसले, तानपुरा छेडत राहिले, वीस मिनिटं, डोळे मिटून. मग मला विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी आहे ना एक?"

नव्हता. तीन पिढ्या, शेकडो तानपुरे, आणि आमच्या घरात एकही नाही. दुकानात असतातच, घरी कशाला, असं आम्ही समजत आलो. त्या पावसाळ्यात मी घरासाठी एक बनवला, विकायच्या वाद्याला घेतो तेवढीच मेहनत घेऊन. पहिल्या रात्री बायको, मुलगी आणि मी अंगणात बसलो. मी छेडत होतो आणि कामासाठी ऐकत नव्हतो. घोडी बरोबर आहे का, धागा सरकवायचा का, हे डोक्यात यायचं थांबलं तेव्हा मला जे ऐकू आलं ते चाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मुलगी म्हणाली, अब्बू, हे तुम्ही विकता? यानंतरच मी दर्ग्यात चिंचेच्या झाडाखालच्या उरुसाच्या गाण्याला पुढे जाऊन बसायला लागलो.

त्याच काळात बँकेत कर्जाचा अर्ज भरला होता. अर्जात एक रकाना होता, व्यवसायाचा उद्देश. मी 'वाद्यनिर्मिती' लिहिलं. साहेबांनी विचारलं, आता मोबाइलवर सगळं मिळतं, मग याची गरज काय? मला तिथे उत्तर सुचलं नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. आमचा जिल्हा गरजेच्या वस्तूंचाच आहे. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनले, वसंतदादांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, सांगलीची हळद देशभर जाते. हे नसतं तर आमच्या घरी चूल पेटली नसती. पण मग पोट भरल्यावर काय? नांगर, कारखाना, हळद, एवढं सगळं कमवून देशाला शेवटी करायचं काय आहे? मला वाटतं त्या कंडक्टर काकांची संध्याकाळ हे त्याचं एक खरं उत्तर आहे. तीस वर्षं राबलेल्या माणसाला शांत बसून चांगला आवाज ऐकता यावा आणि तो आवाज घडवणाऱ्याला त्यावर घर चालवता यावं. देशाने कमवायचं ते याच्यासाठी.

मुलगी अर्थशास्त्र शिकते. तिने सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी 1934 मध्येच अमेरिकेच्या संसदेला दिलेल्या अहवालात लिहून ठेवलं होतं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज फारसा बांधता येत नाही. मला हे माझ्या भाषेत असं समजलं. दादांनी बनवलेला एक तानपुरा कोल्हापुरात एका घरी आहे. तो विकला गेला तेव्हा त्या वर्षाच्या हिशोबात एकदा धरला गेला असेल. तेव्हापासून तिथे रोज पहाटे कोणीतरी तो छेडतं, आता तिसरी पिढी छेडते. ते कोणत्याच वर्षाच्या आकड्यात नाही. लवकर मोडणारी वस्तू पुन्हा पुन्हा मोजली जाते, टिकणारी एकदाच. म्हणून आमच्यासारख्यांनी आकडेवारीत आपली जागा शोधू नये, असं मी तिला म्हणालो. तिला ते पटलं नाही. ती म्हणते, मोजायची पद्धत बदलायला हवी. कदाचित तिचंच बरोबर असेल.

2020 चं वर्ष वाईट गेलं. मार्चमध्ये दुकान बंद, मैफली बंद, ऑक्टोबरमध्ये भीमेला पूर आला आणि ज्यांच्याकडून आम्ही भोपळा घेतो त्या शेतकऱ्याचं निम्मं पीक कुजलं. आम्ही त्याला पुढच्या वर्षीचे पैसे आधी दिले, कारण त्याने वेल लावणं सोडलं असतं तर आमचंही संपलं असतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी आली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मी घरी येऊन अब्बांची कानस पुसून ठेवली. मानांकनाने मागणी एकदम वाढली असं नाही. पण आता पट्टीवरच्या 'मिरज' या शब्दामागे कायदा उभा आहे. हाताखाली दोन मुलं शिकतात. त्यातला एक आयटीआय झालेला आहे, त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याचा पगार एमआयडीसीच्या बरोबरीला आणायचा हे माझं यंदाचं उद्दिष्ट आहे. अजून थोडं कमी पडतं.

कंडक्टर काका दरवर्षी उरुसाच्या आधी येतात, तारा बदलायला आणि जवारी बघायला. यंदा त्यांचा हात थोडा थरथरत होता. जवारीला आयटीआयवाला पोरगा बसला, मी फक्त ऐकलं. त्याने धागा सरकवला, थांबला, किंचित मागे घेतला. काकांनी मान डोलावली. "किती झाले?" त्यांनी विचारलं. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तूच सांग. त्याने तारांचे सांगितले, मग क्षणभर अडखळून जवारीचेही सांगितले. काकांनी पाकीट काढलं, नोटा दोनदा मोजल्या आणि त्याच्या हातात दिल्या.