कुंभार, घट आणि आदिकारण

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात परवा पणत्या घ्यायला गेलो असता, विजेवर फिरणाऱ्या चाकावरून ओला घट दोऱ्याने कापून उचलणारे हात पाहिले आणि न्यायदर्शनाचे जुने तत्त्वज्ञ उदयनाचार्य यांची आठवण झाली. घट हे कार्य, म्हणजे कारणातून घडलेली वस्तू आहे, म्हणून त्याला कर्ता आहे. जगही कार्यच आहे, म्हणून त्यालाही कर्ता असला पाहिजे, अशा आशयाचे अनुमान त्यांनी 'न्यायकुसुमांजली'त मांडले आहे. त्यांच्या कितीतरी आधी मीमांसा दर्शनाचे तत्त्वज्ञ कुमारिल भट्ट यांनी मात्र विचारून ठेवले होते की, कुंभाराला देह असतो, मग जगत्कर्त्यालाही तो मानायचा काय? हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

तेवढ्यात वीज गेली. चाक मंदावत थांबले, पण फळीवरचे घट जागच्या जागी राहिले. कुंभार निघून गेला तरी घट टिकतो; चाकाला मात्र वीज क्षणोक्षणी लागते. तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनसचे आदिकारण, म्हणजे जगाला क्षणोक्षणी धरून ठेवणारे पहिले कारण, या विजेच्या जातीचे आहे. जगाला काळात आरंभ होता हे केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही, असे तो स्वतःच म्हणतो. त्यामुळे 'महास्फोटाआधी काय होते?' हा आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न त्याच्या युक्तिवादाला फारसा लागू पडत नाही. मुस्लिम विचारवंत अल्-गझालीच्या, 'जगाला आरंभ आहे, म्हणून त्याला कारण आहे' अशा आरंभावर उभ्या असलेल्या युक्तिवादाला मात्र तो थेट भिडतो.

अडचण एवढीच की, विजेमागे काय, हे मी विचारू शकतो, आणि ती विचारणा कोठे थांबवावी हे चाक सांगत नाही.