रवीच्या गावाला

किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला, मेडिकलला आले तेव्हा आजीने पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "बिश्केक म्हणजे काय गं?" मला सांगता आलं नाही. उत्तर सापडलं ते दोन वर्षांनी, सोन-कुलला.

किर्गिझस्तानाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग डोंगराळ. उन्हाळ्यात गुरं, घोडे घेऊन लोक वरच्या कुरणांवर, म्हणजे 'जायलू'वर मुक्काम हलवतात. सोन-कुल तलाव तीन हजार मीटरवर. जुलैमध्येही रात्री दोन स्वेटर घालून कुडकुडत होतो. (खाली इसिक-कुल मात्र ऐन थंडीतही गोठत नाही. ६६८ मीटर खोल, पाणी किंचित खारं. नावाचा अर्थच 'उबदार तलाव'.)

आम्ही उतरलो त्या नमद्याच्या तंबूत आत शिरताच उजवीकडे स्वयंपाकाची, बायकांची बाजू. तिथे उभं लाकडी पिंप आणि त्यात दांडा. तंबूवाल्या एजेंनी (ताईला इथे एजे म्हणतात) दांडा सरळ माझ्या हातात दिला. पिंपात घोडीचं आंबवलेलं दूध, किमिझ. बाहेर शिंगरं दोरीला ओळीने बांधलेली. शिंगरू जवळ असलं की घोडी पान्हा सोडते, आणि दिवसातून पाच-सहा वेळा तरी दूध काढावं लागतं. वीसेक वेळा घुसळल्यावर माझे खांदे भरून आले. वर डोकं केलं तर छताच्या मधोमध 'तुंदुक', धूर जायचं गोल भोक. तेच त्यांच्या झेंड्यावर, सूर्याच्या आत.

आणि त्या दांड्याचं नाव? बिश्केक! राजधानीचं नाव यावरूनच पडलं, असं इथे बहुतेक जण सांगतात. सोव्हिएत काळात शहराचं नाव फ्रुंझे होतं. १९९१ मध्ये बिश्केक झालं.

किमिझ आंबट, धुरकट, जिभेला चुरचुरणारं. मी अर्धी वाटी कशीबशी संपवली. शहरात रस्त्याकडेला पिंपातून मिळणारा चालाप मला जास्त आवडतो. खारट ताकच ते, जिरं तेवढं नाही.

आजीला फोन केला. "अगं, बिश्केक म्हणजे रवी!"

"हो? मग घोडीच्या दुधाचं लोणी किती निघतं?"

म्हटलं, निघतच नाही. स्निग्धांश फार कमी. नीट आंबावं म्हणून घुसळतात.

"लोणी नाही तर एवढं घुसळायचं कशाला बाई," म्हणाली, आणि फोन आईकडे दिला.