गळक्या टाकीखालची जमीन तपासताना

या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत भूमिगत इंधन टाक्यांच्या एका जागेवरील निरीक्षण बोअरचा अहवाल स्वच्छ आला होता आणि त्याखाली सही माझी होती. बोअर टाकीपासून जेमतेम चार मीटरवर होता, पाण्याचा नमुना रीतसर घेतला होता आणि प्रयोगशाळेच्या कामातही काही खोट नव्हती. पेट्रोलमधल्या बेन्झीन या घातक द्रव्यापुढे ‘आढळले नाही’ असा शेरा वाचून सगळ्यांनाच हायसे वाटले. काही महिन्यांनी शेजारच्या केबलच्या चेंबरमधून पेट्रोलचा वास येऊ लागला, तेव्हा आमच्या बोअरची आखणी मी पुन्हा काढून पाहिली. भूजलाची पातळी सहा मीटरवर होती आणि पाईपचा जाळीदार भाग आम्ही आठ ते अकरा मीटरच्या दरम्यान बसवला होता, कारण पाण्यासाठी बोअर घेण्याची सवय अंगवळणी पडलेली होती आणि त्या सवयीत जाळी नेहमी भरपूर पाणी लागेल तिथे बसवली जाते.

पेट्रोलची घनता साधारण 0.72 ते 0.78 असते, म्हणजे ते पाण्यावर तरंगते. आमची बिनछिद्राची नळी त्या तरंगत्या थराला भेदून खाली गेली होती आणि आम्ही दोन मीटर खालचे पाणी तपासत बसलो होतो. भूजल नदीसारखे घुसळत नाही. वरच्या थरात विरघळलेली द्रव्ये खाली मिसळायला फार वेळ लागतो, त्यामुळे थोड्या अंतरावर खाली निर्धोक पाणी मिळणे अगदी शक्य असते. इंधनाच्या गळतीसाठी घेतलेल्या बोअरची जाळी भूजल पातळीच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे असावी लागते. तीही वर्षभरात पातळी जितकी चढते-उतरते तितकी जागा धरून.

दुसरा बोअर आम्ही साडेचार ते साडेसात मीटर जाळी ठेवून घेतला. पातळी मोजण्याचे जे यंत्र त्यात सोडतात ते इंधनाला लागले की सलग वाजते आणि पाण्यात शिरले की थांबून थांबून वाजते. फीत 5.82 मीटरवर आली तेव्हा तो सलग आवाज सुरू झाला आणि 6.21 पर्यंत थांबला नाही. एकोणचाळीस सेंटिमीटर पेट्रोल. बेलर, म्हणजे बोअरमध्ये सोडून नमुना काढायची नळी, वर काढला तर त्यात खाली पाणी, वर फिकट पिवळसर द्रव, आणि दोहोंमधली रेघ पट्टीने आखावी तशी स्पष्ट होती. मात्र हा आकडा जसाच्या तसा मातीला लावून चालत नाही. बारीक कणांच्या मातीत केशाकर्षणाने धरलेल्या पाण्यावर इंधन बसते आणि बोअरच्या मोकळ्या पोकळीत ते उतरून साचते, म्हणून नळीतली जाडी जमिनीतल्या जाडीपेक्षा बरीच जास्त दिसते. शिवाय तरंगत्या इंधनाच्या वजनाने नळीतले पाणी खाली दाबलेले असते. इंधनाच्या जाडीला घनतेने, समजा 0.75 ने, गुणून ती दुरुस्ती केली की खरी पातळी 6.21 नसून 5.92 मीटर येते. प्रवाहाची दिशा काढताना हे तीस सेंटिमीटर विसरले तर नकाशावरचा बाण भलतीकडे वळू शकतो.

दिशेसाठी किमान तीन बोअर लागतात आणि ते एका ओळीत असून उपयोग नाही, त्रिकोणातच हवेत. तरीही बाण हाती आला म्हणून पुढचे सगळे त्याच दिशेने शोधू नये, कारण विरघळलेली द्रव्ये पाण्याबरोबर जातात, पण वाफा आणि पातळीच्या वरचे इंधन सोपी वाट धरतात. केबल किंवा सांडपाण्याच्या नळाभोवती भरलेली सैल वाळू ही अशीच वाट असते. आमच्याकडे वास ज्या चेंबरमध्ये आला तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला होता.

मातीचे नमुने घेताना मी प्रत्येक अर्ध्या मीटरला थोडी माती पिशवीत बंद करून काही मिनिटे ठेवतो आणि मग पिशवीतल्या हवेत वाफ मोजणाऱ्या यंत्राची नळी घालतो. हे आकडे प्रयोगशाळेची जागा घेत नाहीत, पण कोणता नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा हे तेच सांगतात. या जागेवर सर्वाधिक वाफ टाकीच्या तळाशी आढळेल असा माझा अंदाज होता; प्रत्यक्षात ती पाच ते साडेसहा मीटरच्या पट्ट्यात निघाली. पातळीच्या चढ-उताराबरोबर इंधनही वरखाली होते आणि वाटेतल्या कणांना माखून ठेवते. हा माखलेला पट्टा वरचे इंधन उपसून काढल्यावरही वर्षानुवर्षे पाण्यात बेन्झीन सोडत राहतो.

बेन्झीनच्या बाबतीत एक हिशेब नेहमी लक्षात ठेवावा. पेट्रोलमध्ये ते आकारमानाने एक टक्का धरले तरी एका लिटरमध्ये सुमारे 8.8 ग्रॅम येते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधले बेन्झीन आठ लाख ऐंशी हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. मातीतले जिवाणू त्यातले बरेच खाऊन टाकतात हेही खरे. दूषित भूजलाच्या मधल्या भागात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ संपलेला आणि विरघळलेले लोह वाढलेले दिसले की ते कामाला लागले आहेत असे समजते. मोजणाऱ्यांनी नमुन्याची बाटली काठोकाठ भरली नाही तर मात्र हे सगळेच व्यर्थ जाते, कारण बुडबुडा राहिला की बेन्झीन पाण्यातून त्या हवेत निघून जाते. मी आजही प्रत्येक बाटली उलटी करून टिचकी मारून पाहतो.

शेवटी खोदकाम झाले तेव्हा टाकी धडधाकट निघाली. गळत होता तो तिच्यापासून निघणाऱ्या पाईपचा सांधा, आणि तो बोटांनी फिरवता येत होता. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला चार लिटरच्या आसपास इंधन जाते. साठ्याची नोंदवही आधीच तपासलेली होती, पण दहा हजार लिटर पेट्रोल दहा अंशांनी थंड झाले तरी आकारमान शंभरेक लिटरने घटते, आणि दांडी बुडवून घेतलेल्या मापात त्या चढ-उतारापुढे चार लिटर दिसण्याची शक्यता नव्हती. वहीत महिनोन्‌महिने रोजची तूट लिहिलेली होती. तिच्यापुढे कारण म्हणून ‘तापमान’ असा शेरा होता.