चादर खोटी निघाली तर १९१५, खात्यातून पैसे गेले तर १९३०

फसवणूक झाली की माणूस आधी ओळखीच्या कुणाला तरी फोन लावतो: बँकेतला मेहुणा, पोलिसातला वर्गमित्र, नाहीतर गल्लीतले वकीलसाहेब. जो तो आपापला सल्ला देतो, तासभर जातो आणि तक्रार भलत्याच दारात पडते. आधी एवढंच ठरवायचं की समोरचा दुकानदार आहे का चोर. पत्ता आणि जीएसटी क्रमांक असलेल्याने खराब माल दिला, तर मामला ग्राहक कायद्याचा. नाव-गाव नसलेल्याने खातं रिकामं केलं, तर पोलिसांचा. पहिल्यात दोन वर्षांची मुदत मिळते, दुसऱ्यात मिनिटं मोजावी लागतात.

चोराचं आधी बघू. यूपीआयने गेलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून निघतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिच्यापर्यंत ती ऑनलाइन पोचते आणि तोवर खात्यात जे उरलं असेल ते अडवलं जातं. घाई करायची ती याच्यासाठी. फोन लावताना आपला खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची तारीख-वेळ, पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, समोर ठेवा. यूटीआर बँकेच्या मेसेजमध्ये किंवा अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. मोबाइलमध्ये एखादी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून आलेलं अ‍ॅप) टाकली गेली असेल तर त्या मोबाइलचं इंटरनेट आधी बंद करा आणि फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा.

१९३० वर पोचक्रमांक मिळतो. तो घेऊन राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर चोवीस तासांच्या आत सविस्तर तक्रार भरायची असते. बऱ्याच तक्रारी इथंच लटकतात, कारण फोन झाला म्हणजे काम झालं असं लोक धरून चालतात. अडवलेली रक्कमही आपसूक खात्यात येत नाही. तपास अधिकाऱ्याला भेटावं लागतं, अनेकदा न्यायालयात अर्जही द्यावा लागतो, त्यामुळे तो पोचक्रमांक जपून ठेवा.

त्याच दिवशी बँकेतही जायचं, आणि लेखी अर्ज घेऊनच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर शून्य भार. चार ते सात दिवसांत दिली तर खात्याच्या प्रकारानुसार मर्यादित भार. खबर दिल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते. आपल्याकडे सहकारी बँकांत खाती असलेले पुष्कळ; त्यांच्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये असाच नियम निघाला. मात्र ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर खबर देईपर्यंतचं नुकसान आपलं आणि खबर दिल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी खबर द्यायचीच. काउंटरवर तोंडी सांगून परत येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची.

सोलापुरात विशेष जपायचे असे दोन प्रकार आहेत. पहिला लाइट बिलाचा: ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा.’ वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. आज मेसेज आणि आज रात्री अंधार, असं कायद्यात बसतच नाही. शंका आली तर १९१२ या वीज हेल्पलाइनवर विचारा, मेसेजमधल्या नंबरवर नको.

दुसरा टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांसाठी. फोनवरचा माणूस लष्करातला अधिकारी असल्याचं सांगतो, घासाघीस न करता मोठी ऑर्डर देतो आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग ‘आमची पेमेंटची पद्धत वेगळी आहे, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे दिले. भाव न पाडता दोनशे डझन टॉवेल मागणारं गिऱ्हाईक खरं तर इथंच खटकायला हवं.

आता दुकानदार. ‘ओरिजिनल सोलापुरी चादर’ म्हणून ऑनलाइन जे विकलं जातं त्यात बाहेरचा पॉलिस्टर मिसळलेला माल भरपूर असतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. हे नाव लावून दुसरीकडचा माल विकणं हा मानांकनाच्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि ग्राहकाच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथाही. ओळखायची कशी? जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उठते, रंग उलटे होऊन. छापलेली चादर मागून फिकट दिसते. कडेचा एक धागा काढून जाळला तर सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. बिलावरच्या पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि हरियाणाचे ०६. परराज्यातला विक्रेता अस्सल माल विकू शकतोच, पण पेजवर ‘थेट सोलापूरच्या मागावरून’ लिहिलेलं आणि बिलावर ०६ असेल, तर पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता शोधा.

पार्सल आलं की आधी लेबलचा फोटो आणि मग न थांबता उघडतानाचा व्हिडिओ. पेजचा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच घ्यायचा, कारण तक्रार गेली की दावा पेजवरून गायब होतो. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाही दिलं तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, तेलुगू आणि कन्नडमध्येही, तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आज्जींनाही दुभाषा लागायचा नाही. हेल्पलाइनला हुकूम द्यायचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्या तिथून तक्रार आली की बऱ्याचदा हलतात. इन्स्टाग्रामवरचं बिनपत्त्याचं दुकान हलत नाही. ते दुकान नव्हेच, त्याच्यासाठी १९३०.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानांतल्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला सदोष मालापुरता काही अर्थ नाही. २०१९ च्या कायद्यात, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित प्रथा आहेत. रंग आवडला नाही म्हणून परत, हा हक्क मात्र त्यात नाही.

शेवटचं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथंच चालते. विक्रेता दिल्लीचा असला तरी आपण राहतो तिथल्या आयोगात दाखल करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते.

यंत्रमागवाल्यांनी एक अट नीट वाचावी. व्यापारी कारणासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात बसत नाही. पण दोन-चार माग घेऊन स्वतः चालवणारा, त्यावरच पोट असलेला माणूस ग्राहक ठरू शकतो. ‘केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ हे वाक्य तक्रारअर्जात पहिल्याच पानावर आलं पाहिजे. ते राहिलं तर समोरचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेतो, आणि मागाची मोटार सदोष होती का नाही हा मूळ मुद्दा बाजूला पडतो.

नुसत्या जाहिरातींच्या फोनची तक्रार १९०९ वर, सात दिवसांच्या आत. फसवायचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये कळवा.

आयोगाचा निकाल आपल्या बाजूने लागला आणि विक्रेत्याने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जासोबत निकालाची प्रमाणित प्रत लागते. ती पक्षकाराला मोफत मिळते, तेव्हा निकालाच्या वेळीच मागून घ्या.